दोषाचा धनी

गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायचा, तळहाताएवढ्या पडद्याचा जीपीएस नॅव्हिगेटर ज्यांनी विकत घेतला, त्या गिऱ्हाइकांचे दोनच पंथ आढळतात. पहिला म्हणतो, या डबीने आमचा संसार वाचवला. दुसरा म्हणतो, या डबीने आम्हाला रात्री साडेअकराला कुणाच्या तरी शेतात नेऊन उभं केलं. नीट पाहिलं तर दोन्ही पंथांत माणसं तीच असतात. पहिलं मत शनिवारी सकाळी निघताना दिलेलं असतं, दुसरं रविवारी रात्री परतताना. पण या सगळ्या मतांत एक गोष्ट समान आहे. तक्रार करणारा स्वतः कधीही रस्ता चुकलेला नसतो. ‘आम्ही चुकलो’ हे वाक्य कुणाच्याच तोंडी नाही. ‘तिने चुकवलं’ हे मात्र सगळ्यांच्या. या भरभक्कम पुराव्यावर प्रस्तुत लेखकाने एक सिद्धांत उभारला आहे (सिद्धांत उभारायला लायसन लागत नाही, हे त्याचं भाग्य). तो असा: हे यंत्र रस्ता सापडावा म्हणून कुणी घेतलंच नव्हतं. रस्ता चुकल्यावर ‘कुणामुळे?’ या प्रश्नाचं उत्तर गाडीत बसलेल्या माणसांपैकी कुणी असू नये, एवढ्यासाठी लोकांनी शेकडो डॉलर आणि युरो मोजले.

आधीची व्यवस्था आठवून पाहा. एकाच्या हाती स्टिअरिंग, दुसऱ्याच्या मांडीवर नकाशा. हवं ते गाव नेमकं घडीवर आलेलं आणि घडी फाटलेली. “आता कुठे?” “थांब, बघतेय.” “बघतेय काय, चौक गेला!” “गेला कसा? तूच पुढे नेलास.” इथून पुढे संवादाला रस्त्याचं बंधन राहत नसे, दोन किलोमीटरच्या आत तो साखरपुड्याच्या पंगतीत कुणाच्या काकांना कुठे बसवलं होतं इथवर पोचायचा. बरं, नकाशा महाग होता म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेत तेल कंपन्या पेट्रोल पंपांवर रस्त्यांचे नकाशे कित्येक वर्षं फुकट वाटत होत्या. मार्गदर्शन फुकट होतं. महाग पडायचं ते मार्गदर्शन फसल्यानंतरचं बोलणं. ही गरज बाजाराने हेरली, पण त्याआधी एका सरकारला मध्ये पडावं लागलं. नागरिकांना मिळणारे जीपीएसचे संकेत अमेरिकी लष्कर मुद्दाम बिघडवून, शंभरेक मीटरची चूक ठेवून देत असे. म्हणजे नव्या सोसायटीत पत्ता विचारल्यावर वॉचमन बसल्या जागेवरून हनुवटीने दिशा दाखवतो, तितक्या अचूकपणे. १ मे २००० च्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा बिघाड काढून टाकला गेला आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. २००४ साली ॲमस्टरडॅमच्या टॉमटॉमने ‘गो’ आणला, पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या गार्मिनने ‘न्यूव्ही’. मांडीवरचा नकाशा गेला, काचेवर डबी आली आणि नवरा-बायकोला बऱ्याच वर्षांनी एकाच बाजूने भांडायची संधी मिळाली.

या भांडणात पहिला फटका बसला उपग्रहाला. ‘सॅटेलाइटने चुकीचं सांगितलं’ हा गिऱ्हाइकांचा लाडका आरोप. वास्तविक तो उपग्रह २० हजार किलोमीटर उंचीवर असतो आणि त्याला तुमची गाडी, तुमची सासुरवाडी किंवा मधला टोलनाका यांतलं काहीच ठाऊक नसतं. आपण कुठे आहोत आणि किती वाजलेत, एवढंच सांगत तो फिरत असतो. अशा किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकून डबी आपली जागा आपणच काढते आणि पुढचा रस्ता ठरवते तो स्वतःच्या पोटातल्या नकाशावरून. उपग्रहावरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा हिशेब आधीच धरून ठेवलेला असतो. एवढी विद्वत्ता पणाला लावून मिळालेला ठिपका नकाशावर शेजारच्या नाल्यातून चाललेला दिसतो, ही गोष्ट वेगळी. मुद्दा असा की, सगळ्या साखळीत ज्याचा या प्रकरणाशी सगळ्यात कमी संबंध, त्याच्या नावाने सगळ्यात आधी खडे फोडले जातात. ज्याच्यावर दोष ठेवायचा तो २० हजार किलोमीटरवर असला, तर खुलासा करायला येत नाही.

पण नुसत्या ठोकळ्यावर राग फार वेळ टिकत नाही. त्याला आवाज लागतो, आणि तो दिलेला होता. वळण चुकलं की गार्मिनची बाई एवढंच म्हणायची, ‘रिकॅल्क्युलेटिंग’. ना ‘सांगितलं होतं’, ना ‘कान कुठे होते?’. एकदा ध्वनिमुद्रित केलेला आवाज, पट्टी तीच, वेग तोच. तरी गिऱ्हाइकं शपथेवर सांगत की, तिसऱ्यांदा म्हणताना तिने उसासा टाकला. कुणाला त्यात टोमणा ऐकू आला, कुणाला कंटाळा, कुणाला थेट सासूबाई. स्टॅनफर्डचे प्राध्यापक क्लिफर्ड नास एक किस्सा सांगत. बीएमडब्ल्यूने जर्मनीत आपल्या मोटारींत बाईच्या आवाजाची यंत्रणा बसवली, तेव्हा पुरुष मालकांचे फोन येऊ लागले की, बाईमाणसाकडून रस्ता ऐकून घेणं आपल्याला जमणार नाही. ती खरी बाई नाही, यंत्र आहे, असं समजावूनही उपयोग झाला नाही. शेवटी कंपनीला ती यंत्रणा परत मागवावी लागली. पुढे टॉमटॉमवर विनोदी नट जॉन क्लीज, कार्टूनमधला होमर सिम्पसन, ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर असे आवाज आले आणि लोकांनी त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजले. नकाशा तोच, वळण तेच, पोचायचं ते शेतही तेच. मग आवाजाला पैसे कशाचे? बोल लावायला आपल्या आवडीचं माणूस मिळावं, याचे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मागच्या सीटवरून ‘बाई काय म्हणतेय?’ विचारू लागले, तेव्हा हे यंत्र मराठी कुटुंबव्यवस्थेत रुळलं असं समजायला हरकत नाही. “तिला सांग ना, आधी भाजी घ्यायचीय.” “तिला सांगता येत नाही, आई.” “मग एवढी बोलते कशाला?”

आता जरा वजनदार पुरावे. २००९ साली एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्री बेटाकडे निघालं. डबीत अक्षरं उलटसुलट पडली आणि ‘काप्री’चं ‘कार्पी’ झालं. कार्पी हे उत्तर इटलीतलं कारखानदारीचं गाव, काप्रीहून साधारण साडेसहाशे किलोमीटर लांब आणि समुद्रापासूनही बाजूला. जोडपं तिथे पोचलं, पर्यटन कार्यालयात गेलं आणि काप्रीची प्रसिद्ध निळी गुहा कुठे आहे म्हणून विचारू लागलं. बेटावर जायचं होतं, वाटेत पाणी लागलं नाही, होडी लागली नाही. पण गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या इटलीपेक्षा काचेवर चिकटवलेली इटली जास्त खरी ठरली. २०१३ च्या जानेवारीत बेल्जियममधल्या एक बाई कुणाला तरी आणायला ब्रसेल्सच्या स्टेशनवर निघाल्या. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. दोन दिवसांनी त्या क्रोएशियात झाग्रेबला होत्या. मध्ये जर्मन पाट्या आल्या, पेट्रोल भरावं लागलं, गाडीत झोप काढावी लागली. पण डबी सरळ जा म्हणते तोवर शंका घ्यायचं आपल्याला कारण काय? आणल्या जाणाऱ्या माणसाने स्टेशनवर काय केलं याचा इतिहासकारांनी शोध घ्यायला हवा. २०१२ साली ऑस्ट्रेलियात तीन जपानी विद्यार्थी भाड्याची गाडी घेऊन नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटाकडे निघाले, ते भर ओहोटीत समुद्राच्या चिखलात शिरले. तिथून गाडी जाऊ शकते असं जीपीएस म्हणालं, हा त्यांचा खुलासा. आणि २०१६ साली आइसलँडमध्ये उतरलेला एक अमेरिकन पाहुणा रेक्याविकमधल्या रस्त्याच्या नावात एक ‘र’ जास्तीचा पडल्याने देशाच्या पार उत्तर टोकाला, सिग्लुफ्योर्दुरला जाऊन थांबला. कार्पी आणि आइसलँड या दोन्ही खटल्यांत यंत्र निर्दोष आहे, हे लक्षात घ्या. त्याला जिथे न्यायला सांगितलं, तिथे त्याने इमानाने नेलं. तरी जगभर बातमी काय झाली? ‘जीपीएसने चुकवलं.’ पैसे वसूल झाले ते असे.

इथे एक आक्षेप येणार. यंत्र खरोखरच वाईट होतं, नकाशे जुने होते, मग गिऱ्हाइकांना का झोडपता? आक्षेप रास्त आहे. नवा हमरस्ता झाला की डबीवरची गाडी माळरानातून पोहत चाललेली दिसायची आणि बाई घाबऱ्या-घाबऱ्या दर शंभर मीटरला मागे फिरायला सांगायची. नकाशा ताजा करायला जाल, तर जवळपास नव्या डबीइतके पैसे. मग कंपन्यांनी ‘आयुष्यभर नकाशे मोफत’ अशी टूम काढली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की, आयुष्य तुमचं नव्हे, डबीचं, आणि डबीचं किती ते कंपनी ठरवणार. २०१८ साली टॉमटॉमने काही जुन्या डब्यांना यापुढे नकाशे मिळणार नाहीत असं कळवलं, तेव्हा धडधाकट मालकांना आपल्या डबीचं आयुष्य संपल्याचं पत्राने समजलं. डबी काचेला चिकटवायच्या रबरी वाटीचा तर वेगळाच ताप. थुंकी लावून दाबली की चिकटायची आणि उन्हाने तापली की ऐन वळणावर डबीसकट मांडीत पडायची. डबी काढून खिशात घातली तरी काचेवर वाटीचा गोल ठसा राहायचा, चोराला तेवढी पावती पुरे. म्हणून पोलिसांचा सल्ला असे की, काच पुसून मगच गाडी सोडा. कॅलिफोर्नियात तर २००९ उजाडेपर्यंत काचेवर डबी लावणंच कायद्यात बसत नव्हतं. मग परवानगी मिळाली ती मोजूनमापून, ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा चौकोन, पलीकडच्या कोपऱ्यात सात इंचांचा. २०१० साली गार्मिनने बॅटरी तापते म्हणून सुमारे साडेबारा लाख न्यूव्ही परत मागवले. २०११ साली नेदरलँड्समध्ये उघडकीस आलं की, टॉमटॉमने गोळा करून विकलेली वेगाची माहिती पोलिसांपर्यंत पोचली होती आणि वेगाचे सापळे कुठे लावायचे ते तिच्यावरून ठरत होतं; कंपनीला माफी मागावी लागली. ज्याच्या भरवशावर गाडी दामटली, तोच पंच साक्षीदार निघाला! एवढ्या पक्क्या तक्रारी हाताशी होत्या. आणि तरी डबीचा विषय निघाला की गिऱ्हाईक बॅटरी सोडून, सापळे सोडून आधी हेच सांगतं की, ‘ती माझ्याशी फार तुसडेपणाने बोलते.’ यंत्रात खोट होतीच. पण लोकांना ती खोट नको होती, गुन्हेगार हवा होता.

आपल्याकडे मॅपमायइंडियासारख्या कंपन्यांनी अशा डब्या आणल्या, कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत सीट कव्हरांशेजारी त्या दिसूही लागल्या. पण घरोघरी पोचल्या नाहीत. कारण म्हणून किंमत सांगितली जाते. आमच्या मते खरं कारण हे की, दोष घेणारा इथे प्रत्येक नाक्यावर फुकट उभा असतो. काच खाली करा, विचारा. विचारलेल्या माणसाला रस्ता ठाऊक असेलच असं नाही, पण ‘ठाऊक नाही’ म्हणणं त्याच्या पाहुणचारात बसत नाही. “सरळ जा, पुढे एक डावीकडचा रस्ता लागेल, तो सोडून द्या.” न घ्यायच्या रस्त्यांची अशी यादी संपली की त्याच्या शेजारचा दुसरीकडे बोट दाखवतो, मग ते दोघे आपसात भांडू लागतात आणि गाडीतले लोक एकमतानं पुढे निघतात. त्यातला एखादा फारच सज्जन असला तर ‘माझ्या मागे या’ म्हणून स्कूटरला किक मारतो आणि गल्लीबोळांतून नेत शेवटी स्वतःच्या घरासमोर थांबतो. त्या परदेशी डबीला आपला पत्ताच पचत नव्हता. ती विचारणार शहर, रस्ता, घर क्रमांक. आपण सांगणार ‘जुन्या टॉकीजमागे, पिठाच्या गिरणीवर’, आणि टॉकीज पाडून पंधरा वर्षं झालेली. कार्पी-काप्रीचं जगाला एवढं हसू आलं, पण पुण्याच्या अंगाला वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ अशी अनेक वडगावं आहेत आणि लग्नपत्रिकेवर कार्यालयाच्या नावापुढे नुसतं ‘वडगाव’ छापणारे यजमानही आहेत. इंग्रजीत ते व्हीने सुरू होतं की डब्ल्यूने, यावर गाडीतच दोन तट पडतात. बुद्रुक टाकावं तर खुर्द येतं. मुहूर्त टळतो, पण पंगत मिळते, म्हणून हे प्रकरण कधी बातमीत आलं नाही. मुंबईत तर दिशेचा प्रश्नच नसतो, मजल्याचा असतो. “वरून की खालून?” गाडी जे. जे. पुलावर आहे की पुलाखाली, हे त्या डबीला धड कळत नसे. नकाशावर दोन्ही एकाच रेषेत. क्रॉफर्ड मार्केटला खरेदी करायची असताना गाडी वरून निघाली, तर खालचं मार्केट नुसतं बघत भायखळ्यापर्यंत जायचं. या मूलभूत भारतीय प्रश्नाचं उत्तर, म्हणजे पुढचा फ्लायओव्हर घ्यायचा की नाही हे आधी सांगायची सोय, गूगलने आपल्याकडे दिली ती २०२४ च्या जुलैमध्ये.

गूगलचं नाव निघालं म्हणजे दुसरा आक्षेप आलाच. डबी तर केव्हाच गेली; फोन तेच काम फुकट करतो; मग तुमच्या सिद्धांताचं काय? अर्थतज्ज्ञही असंच मानतात. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवर बोलका नकाशा फुकट दिला आणि गार्मिन, टॉमटॉमचे शेअर धाडकन कोसळले. फुकटाने विकतच्याला मारलं, एवढी ही साधी गोष्ट. पण फोन फुकट पडला असं म्हणणाऱ्यांनी तो गाडीत वापरून पाहिलेला नसावा. डबी गाडीची असते. फोन कुणाचा तरी असतो. तिथेच घात झाला. “तुझ्याच फोनवर लाव.” “माझी बॅटरी चार टक्के आहे.” “रात्री चार्ज का नाही केलास?” ऐन वळणावर मामेभावाचा फोन येतो आणि नकाशा गुडूप होतो, आता मामेभाऊ कुठल्या बाजूचा यावर चर्चा. घाटात रेंज जाते, ती ज्याने हे सिम घ्यायचा हट्ट धरला त्याच्यामुळे. रस्ता दाखवणारी तीच, पण तिच्या हातून झालेली प्रत्येक चूक आता कुणाच्या तरी मालकीची होते. दोष २० हजार किलोमीटरवरून उतरून पुन्हा शेजारच्या सीटवर येऊन बसला. नकाशाच्या घडीपासून सुटका करून घ्यायला माणसाने जेवढी मजल मारली, तेवढी फोनने दहा वर्षांत परत फिरवली. गार्मिन अजूनही डब्या विकते, अमेरिकेत ट्रकवाले आणि फिरत्या घरातून हिंडणारे निवृत्त लोक त्या घेतात, याचं कारण कंपनीच्या जाहिरातीत मोठा पडदा आणि कमी उंचीच्या पुलांची सूचना असं दिलेलं असतं. निवृत्त जोडप्याला चोवीस तास एकत्र राहायचं आहे, हे कारण जाहिरातीत देता येत नाही.

राहता राहिला विद्वानांचा आक्षेप, की या यंत्राने मेंदू आळशी होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं की, माणूस स्वतः वाट शोधतो तेव्हा मेंदूतला हिप्पोकॅम्पस गल्ल्यांच्या गणिताने खळबळून उठतो आणि यंत्राच्या सांगण्यावरून चालतो तेव्हा तो भाग गप्प राहतो. खरं असेल. पण मोकळा झालेला मेंदू स्वस्थ बसतो हे कुणी सांगितलं? तो यंत्राशी वाद घालण्यात गुंततो. घरून ऑफिसला, बारा वर्षं पाठ असलेल्या रस्त्याला, लोक मुद्दाम नकाशा लावतात तो कशासाठी? पडद्याच्या कोपऱ्यात पोचायची वेळ ६.४२ दिसते. ती ६.३९ करून दाखवण्यासाठी. एका सिग्नलला वेळ ६.४० होते तेव्हा ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते पगारवाढीच्या पत्रानेही येत नाही. रेल्वेच्या फाटकात ती ६.५१ झाली की मात्र ‘हिला काय कळतंय’. यंत्र डावीकडे म्हणतं, माणूस मुद्दाम सरळ जातो. “डावीकडे सांगतेय ती.” “तिला सांगू दे. तिच्या जन्माच्या आधीपासून या रस्त्याने जातोय मी.” यंत्र निमूटपणे नवा रस्ता काढतं. माघार घेतली असं समजून माणूस खूश. ज्याच्यावर दोषही ढकलता येतो आणि ज्याच्यावर विजयही मिळवता येतो, असा नातेवाईक पृथ्वीवर दुसरा नाही.

म्हणूनच हल्ली एकावर कुणी थांबत नाही. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कंपनीचा पडदा असतो, त्याच्याखाली क्लिपमध्ये अडकवलेला नवऱ्याचा फोन असतो आणि बायकोच्या हातात तिचा. एक पडदा डावीकडे म्हणतो, दुसरा उजवीकडे, तिसरा यू-टर्न घ्या म्हणतो. मागून आजोबा म्हणतात, सरळ. तिठ्यावर गाडी उभी राहते, मागचे हॉर्न सुरू होतात आणि शेवटी काच खाली करून रस्त्याकडेला जेसीबीला टेकून चहा पिणाऱ्या माणसाला विचारलं जातं, “भाऊ, स्टेशनला कुठून जायचं? डावीकडून का उजवीकडून?” तो गाडीतल्या तिन्ही पडद्यांकडे बघतो, घोट संपवतो आणि म्हणतो, “जा कुठूनबी. दोन्हीकडं खणलंय.”